शेवटचा ई

आजारी रजेच्या अर्जात
यंदा मी ताप लिहिला नाही.
ताप गेल्या वर्षी दोनदा येऊन गेलाय,
पोट बिघडलेलं तिकोने साहेबांना पटत नाही,
आणि मामा होता तो मी आधीच वापरून टाकलाय.

खरं होतं ते असं :
चहाला उठावं आणि गॅससमोर उभंच राहावं,
लायटर हातात,
खाली कुणीतरी मांडवाचे बांबू सोडवतंय,
दहा दिवसांचा ढोल कानातून गेलेला
आणि त्याच्या जागी काहीच आलेलं नाही.

याला म्हणायचं काय?
आळस म्हणावं तर आईचा आवाज ऐकू येतो.
सुस्तीला निदान श्रीखंड लागतं.
ग्लानी आली तर माणूस आडवा हवा, मी उभा होतो.
मरगळ त्यातल्या त्यात जवळची,
पण मरगळीला कोण रजा देतं?

अप्पा बळवंत चौकात रद्दीच्या भावात घेतलेला
इंग्रजी-मराठी कोश आहे माझ्याकडे.
पहिल्या पानावर निळ्या शाईत :
कु. प्रमिला गद्रे, एफ.वाय.बी.ए., १९६८.
एचमध्ये बरंच आत
हेबेट्यूड.
तिथवर येता येता कोशकारही दमलेला दिसतो :
मंदपणा, जडता, इ.
मूळ लॅटिन. बोथट.
आणि समासात पेन्सिलीनं, पुसट :
मी. रविवारी.

तर सफरिंग फ्रॉम हेबेट्यूड, असं लिहून दिलं.
साहेबांनी चष्मा कपाळावर नेला,
परत खाली आणला.
"लागण होते का हो याची?"
मी मागे वळून पाहिलं.
पाणीपट्टी विभाग, बारा टेबलं,
मोरेबाईंचा शिक्का हवेत, तसाच.
"होत असावी," म्हणालो.
दोन दिवस मंजूर.

पहिला दिवस कुठे गेला माहीत नाही.
दुसऱ्या दिवशी शनिवार पेठेतल्या आमच्या बोळात
पितृपक्षाचं ऊन, कावळ्यांना सुगीचे दिवस,
आणि हुसेन शिकलगाराची सायकल.
धाऽर! चाकू, कात्री, विळीऽ!
विळी घेऊन खाली गेलो.
त्यानं पात्यावर आडवा अंगठा फिरवला,
नाडी बघावी तसा.
"कधीपासून?"
आठवेना.
"चिरत नव्हती का?"
चिरत होती. पण दाबावं लागायचं.
"हां," म्हणाला, आणि पायडल मारलं.
ठिणग्या बोळभर उडाल्या,
शेजारचं पोर शाळेचं दप्तर पाठीवर तसंच ठेवून बघत राहिलं.
चाळीस रुपये.
संध्याकाळी टोमॅटो चिरला.
चिरला गेल्याचं त्याला जरा उशिराच कळलं असावं.

रात्री नऊला फोन.
"तिकोने बोलतोय. ते तुमचं...
उतार आहे का?"
आहे थोडा.
"नाही, म्हटलं, घेता काय तुम्ही त्यावर?
हिला दिवाळीपासून तसंच आहे.
खिडकीशी बसते. भाजी निवडायला घेते
आणि जुडी तशीच हातात.
रिपोर्ट सगळे नॉर्मल."

शिकलगाराचं ओठांवर आलं होतं.
बायको काय विळी आहे, म्हटले असते साहेब,
आणि बरोबरच म्हटले असते.
मामा, ताप, सगळं आठवलं मला,
आणि लाज वाटली. पण फार नाही,
कारण हा एकच अर्ज मी खरा लिहिला होता.

"स्पेलिंग तरी सांगा,
डॉक्टरांना दाखवीन."
मी कोश उघडला. दिव्याखाली धरला.
एच. ई. बी. ई.
पलीकडे पेन चालत नव्हतं,
झटकल्याचा आवाज आला.
टी. यू. डी.
ई.
"शेवटचं नाही ऐकू आलं."
ई, साहेब. म्हणताना तो ऐकू येत नाही,
पण असतो.

बराच वेळ फोनमध्ये नुसता पंखा.
"बरं," म्हणाले, "लिहितो."